जीवामृताचा फिरता स्टँड: पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत वापरल्यानंतरचा अनुभव

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून पिकाला द्यायचं जीवाणूंचं पाणी. त्याचा ड्रम ठेवायला वैशाखात बनवून घेतलेला स्टँड मृगापासून कपाशीची उलंगवाडी (शेवटची वेचणी) होईपर्यंत सतत वापरात होता. आता वावर मोकळं झालंय आणि स्टँड धुऊन गोठ्यामागे ठेवलाय, तर त्याचं बरंवाईट सविस्तर लिहिते. आमचं वावर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. जमीन काळी, भारी; विहिरीवर ओलीत. कपाशीत तूर, रब्बीला हरभरा आणि एका बाजूला थोडी संत्र्याची झाडं. शेतातली रोजची कामं बहुतेक मी आणि सासूबाई पाहतो. त्यामुळे हा स्टँड दोघी बायांना, आणि वेळ पडली तर एकीलाच, हलवता-वापरता येतो का, याच कसोटीवर मी तो तपासला आहे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि हाताशी दोन गडी आहेत त्यांचा हिशेब वेगळा लागेल.

जीवामृत बनवणं अवघड नाही. २०० लिटर पाणी, देशी गायीचं १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि धुऱ्यावरची (बांधावरची) किंवा वडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन दिवसांत तयार. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर आपल्याच विदर्भातले, बेलोऱ्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली तोवर ही कृती गावोगावी पोचलेली होती. आमच्याकडे गवळाऊ गाय आहे, शेण-मूत घरचंच. अडचण होती ती पुढे. एकराला २०० लिटर म्हणजे १५ लिटरच्या तेरा-चौदा बादल्या, आणि चार एकराला पन्नासच्या वर. गोठ्यापासून वावरापर्यंत पांदण रस्ता, पावसाळ्यात घोट्याच्या वर चिखल. बंडी जुंपावी तर अर्धं जीवामृत हिंदकळून वाटेतच सांडतं. आमच्या गावात जीवामृत सोडून दिलेली जी घरं आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी ते वाहून नेण्याच्या कंटाळ्यानेच सोडलंय, हे मी जवळून पाहिलं आहे.

म्हणून या स्टँडची सगळी मांडणी एका गोष्टीवर आहे: जीवामृत न्यायचंच नाही, ते जिथे लागणार तिथेच बनवायचं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन मिळून वजन पंचवीस किलोच्या आत. एक घमेलं, एक कॅन, एक थैली. बाकीचं २०० किलो वजन पाण्याचं आणि पाणी विहिरीवर आहेच. तर हलवायचा तो रिकामा स्टँड. विहिरीवर, संत्र्यात, हरभऱ्याच्या तुकड्यात, जिथे पाळी असेल तिथे तो रिकामा न्यायचा, पायांवर उभा करायचा आणि मग भरायचा.

उंचीची कल्पना बाहेरून आली. परदेशात घरच्या घरी बिअर बनवणारे लोक तीन पायऱ्यांचा लोखंडी स्टँड करतात: सगळ्यात वर गरम पाण्याचं भांडं, मधल्या पायरीवर माल्ट भिजवायचं, खाली उकळायचं. वरून खाली सगळं आपोआप उतरतं, पंप लागत नाही. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे ते पेय इथे नकोच. पण पायऱ्यांचं तत्त्व जीवामृताला चपखल बसतं. वर आंबवायचा ड्रम, त्याखाली गाळणीचा टब, त्याखाली बादली किंवा पाइप.

आता बनावट. सांगाडा ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या अँगलचा. हा अँगल मीटरला ३ किलो भरतो आणि एकूण सुमारे १० मीटर लागला. वरचा चौकोन २५ इंचांचा, कारण २०० लिटरच्या प्लॅस्टिक ड्रमचा घेर आडवा मोजला तर तेवीस इंचांच्या आसपास येतो. चौकोन जमिनीपासून २ फूट उंच. पाय बाहेर फाकवून तळ ३ फूट बाय ३ फूट केला. चारही बाजूंना पट्टीचे तिरपे आधार. हे तिरपे आधार वाचवायच्या भानगडीत कुणी पडू नये. भरलेला ड्रम ढवळताना सगळा स्टँड डोलायला बघतो आणि त्याला धरून ठेवतात ते हेच. चाकं जुन्या स्कूटरची, १० इंची रिमची, भंगारातून आणली. समोरच्या बाजूला दोन लांब दांडे, हातगाडीसारखे धरायला.

चाकांबद्दल वेल्डिंगवाल्या भाऊंनी जे सांगितलं ते या स्टँडमधलं सगळ्यात मोलाचं. ते म्हणाले, “वहिनी, चाकं फक्त न्याले-आण्याले ठेवा. भरल्यावर सारं वजन पायांवर गेलं पाह्यजे.” त्यांनी चाकं अशा उंचीवर बसवली की स्टँड सरळ उभा केला की ती जमिनीपासून दोन बोटं वर राहतात. दांडे उचलले की स्टँड मागे कलतो, चाकं टेकतात आणि गाडा चालू लागतो. त्यामुळे एवढे महिने वापरूनही ॲक्सल वाकला नाही, बेअरिंग आवाज करत नाही. बाजारात तयार मिळणारे छोट्या चाकांचे ट्रॉलीसारखे स्टँड मी पाहिलेत. ते फरशीवर छान फिरतात. काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर ते चाक आणि मातीचा गोळा यांत फरक राहत नाही. स्कूटरचं चाकही चिखलात भरतं, पण मोठं असल्यानं काडीने खरवडून पुढे नेता येतं. भर पावसाळ्यात, जमीन पार ओली असताना मात्र एकटीने ओढणं होत नाही, दोघी लागतात. उघडीप पडून वरची माती वाळली की एकटीला जमतं. रिकामा सांगाडा ४५ किलोच्या आसपास आणि ड्रम साधारण ९ किलोचा.

पायांखाली सहा इंची चौकोनी प्लेटा आहेत. अँगलचं नुसतं टोक मातीवर ठेवलं असतं तर भरल्यावर ते सुरीसारखं आत गेलं असतं, कारण सगळं मिळून पावणेतीनशे किलोच्या जवळ जातं. चार प्लेटांवर ते वजन पसरलं की दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३०० ग्रॅम येतं. कोरड्या जमिनीला हे काहीच नाही. ओल्या काळ्या मातीत तेवढ्यानेही पाय बसतो, आणि चारही सारखे बसत नाहीत, हा खरा धोका. म्हणून पावसाळ्यात आम्ही आधी दोन जुन्या फळ्या टाकतो, त्यावर स्टँड उभा करतो, थोडं पाणी भरून पाहतो आणि मगच पूर्ण भरतो. भरलेल्या ड्रमच्या वजनाचा मध्य साडेतीन फुटांच्या जवळ असतो आणि तळ ३ फुटांचा, त्यामुळे उतारावर हा स्टँड भरूच नये. धुऱ्याजवळची जागा सोयीची वाटते, पण तिथेच जमीन तिरकी असते. आणि लहान मुलांना पायरीवर चढू देऊ नये, कितीही हट्ट केला तरी.

पायरी म्हणजे बाजूला दुमडणारी फळी, जमिनीपासून १ फूट उंच. ड्रमचं तोंड ५ फुटांवर जातं, माझ्या उंचीच्या बाईला जमिनीवरून ढवळणं शक्य नाही. फळीवर उभं राहिलं की तोंड छातीशी येतं आणि काठी तळापर्यंत नीट जाते. ढवळायला कडुनिंबाची सरळ काठी, खाली आडवी पट्टी ठोकलेली. तळाशी बसलेलं शेण वर आलं पाहिजे. नुसतं वरवर फिरवून काही होत नाही. सासूबाईंना फळीवर चढणं नको वाटतं, त्यामुळे ढवळणं माझ्याकडे आणि गाळणं त्यांच्याकडे अशी वाटणी झाली आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला या स्टँडची उंची गैरसोयीची आहे, हे स्पष्ट लिहिते.

आता गाळणी. मला विचाराल तर हाच स्टँडचा जीव आहे आणि इथेच पैसे आणि डोकं लावावं.

ड्रमला तळापासून ३ इंच वर छिद्र पाडून टँक निपल बसवली, दोन्हीकडून रबरी वॉशर, बाहेर १ इंची प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्ह. अगदी तळाला नाही, कारण माती आणि जड गाळ तळाशी राहिलेला बरा. अर्धा इंची कॉक स्वस्त पडतो, पण त्यात शेणातला चोथा, म्हणजे कडब्या-कुटाराच्या काड्या, अडकतात आणि धार थेंबावर येते. एक इंचीत क्वचित अडकतं, आणि अडकलं तर बाहेरून तार घालून मोकळं करता येतं. पितळी किंवा लोखंडी कॉक लावू नका. गोमूत्र धातूला सोडत नाही.

चोथा कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे शेण सुटं न टाकता पातळ तरटाच्या पोटलीत बांधून ड्रममध्ये टांगणं आणि ढवळताना ती पोटली दाबत राहणं. काड्या आतच राहतात, सत्त्व उतरतं. आम्ही ड्रिपला सोडायच्या वेळी पोटली वापरतो, दांडाने, म्हणजे पाण्याच्या पाटाने, सोडायचं असेल तर नाही. व्हॉल्व्हखाली समोरच्या हुकांवर गाळणीचा टब अडकवतो: दहा इंच उंचीचा, जुन्या ड्रमचा कापलेला तळ. त्यावर आधी जाड नायलॉनची जाळी, तिच्याखाली धुतलेल्या सुती लुगड्याचा दुहेरी तुकडा. लुगडं दर वेळी धुऊन उन्हात वाळवावं लागतं, नाहीतर त्याला बुळबुळीत थर धरतो आणि पुढच्या वेळी पाणीच उतरत नाही. हे काम किचकट आहे आणि त्याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही. ड्रिपच्या तोंडाशी असलेला १२० मेशचा फिल्टर वेगळा, तो या गाळणीनंतरही लागतोच. ड्रिपरचं छिद्र एकदा शेणाने बुजलं की त्या झाडाला पाणी जात नाही आणि ते आठ दिवसांनी पानं मलूल झाल्यावर कळतं.

टबापासून पुढे दोन वाटा. संत्र्याला आणि हरभऱ्याला दांडाने पाणी देताना टबाचा पाइप नुसता दांडात सोडायचा. मिनिटाला दोन लिटरची धार ठेवली तर ड्रम पावणेदोन तासांच्या आत संपतो, तेवढ्यात आमचं एक एकराचं ओलीत होत येतं. पाइपाखाली लिटरचं माप धरून अर्ध्या मिनिटात किती भरतं ते पाहायचं आणि व्हॉल्व्ह तसा लावायचा. ड्रममधली पातळी उतरली की धारही मंदावते, मधे एकदा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडावा लागतो.

कपाशीला ड्रिप आहे. दोन फुटांच्या उंचीवरून दाबाच्या लाइनमध्ये काहीही जात नाही, कारण १० मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो असतो आणि आपला स्टँड एक मीटरसुद्धा नाही. तेव्हा एक तर व्हेंचुरी (वाहत्या पाण्याच्या ओढीने जीवामृत लाइनमध्ये खेचणारा जोड) लावा, नाहीतर पंपाच्या ओढीच्या बाजूने, सक्शनमधून द्या. आमचा मोनोब्लॉक विहिरीच्या काठावर आहे, म्हणून सक्शन पाइपाला टी आणि छोटा कॉक लावून घेतला. पंप स्वतःच ओढून घेतो. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवलेला पंप, असेल तर हा मार्ग बंद.

या सक्शनच्या बाबतीत काही गोष्टी जीव तोडून सांगाव्याशा वाटतात. टबातलं जीवामृत संपायच्या आधी कॉक बंद झालाच पाहिजे, नाहीतर पंप हवा घेतो आणि पाणी सोडून देतो. पुन्हा पंपात पाणी भरण्यापासून सुरुवात. दुसरं त्याहून मोठं. वीज गेली आणि फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची झडप) गळका असेल तर शेणाचं पाणी सरळ विहिरीत उतरतं. आम्ही त्या कॉकजवळ उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवलाय, पण तो पाणी टबाकडे उलटं येण्यापासून अडवतो, विहिरीकडे उतरण्यापासून नाही. म्हणून जीवामृत सुरू असेपर्यंत तिथून कुणी हलायचं नाही आणि त्या वेळेपुरता वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर बंद ठेवायचा, हा घरातला नियम आहे. रात्रीच्या विजेवर आम्ही जीवामृत सोडतच नाही. ज्या विहिरीचं पाणी पिण्यासाठी नेलं जातं, तिथे सक्शनचा मार्ग घेऊच नये. व्हेंचुरीचा खर्च करावा, नाहीतर बादलीने झाडाच्या बुडाशी ओतावं. जीवामृत संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी चालू ठेवून लाइन धुऊन काढायची, हेही तितकंच महत्त्वाचं.

फवारणीसाठी स्टँड मला अर्धाच उपयोगी पडला. टबाखाली बादली बसते, पण पाठीवरचा पंप बसत नाही, तेवढी उंची नाही. त्यामुळे बादलीत घेऊन पंपात ओतावं लागतं. पंपाला लिटर-दीड लिटरच लागतं म्हणून ते चालून जातं. उंची वाढवून पंप खाली बसवण्यापेक्षा ड्रम खाली राहिलेला मला जास्त सुरक्षित वाटतो.

ड्रमबद्दल थोडं. निळा किंवा काळा घ्यावा; पांढऱ्यात ऊन शिरून शेवाळ धरतं. कीटकनाशकाचा किंवा कसल्याही रसायनाचा जुना ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नये, जीवाणू वाढवायचे आहेत तिथे विषाचा अंश कशाला. झाकण घट्ट लावायचं नाही, आंबताना वायू तयार होतो. आम्ही तोंडावर तरट टाकून सुतळीने बांधतो. तरट नीट बांधलं नाही तर माशा अंडी घालतात आणि चार दिवसांत शेपटीवाल्या पांढुरक्या अळ्या तरंगताना दिसतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उघड्यावर स्टँड ठेवून चालत नाही. विहिरीवरच्या बाभळीची सावली पुरत नव्हती म्हणून तुराट्यांचा एक टट्टा बांधून घेतला, तो ड्रमवर नुसता टेकवायचा. पौष-माघात उलट, दोन दिवसांत जे व्हायचं त्याला चार-पाच दिवस लागतात. तयार झालं की वर फेस येतो, आणि वास आंबूस-गोडसर असतो. नाकाला झोंबणारा कुजका वास आला तर ते पिकाला न देता उकिरड्यावर टाकावं.

दशपर्णी अर्क, म्हणजे किडींसाठी फवारायचा दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, या स्टँडवर करू नये. त्याला महिना-सव्वा महिना लागतो, तोवर स्टँड अडकून पडतो. त्याचा ड्रम वेगळा, गोठ्यात.

गंज हा या स्टँडचा सगळ्यात मोठा दोष. रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात दिले होते. पाय आणि तळ अजून चांगले आहेत. पण ड्रम ज्या वरच्या चौकोनावर बसतो तिथे ढवळताना सांडलेलं सगळं साचतं आणि वेल्डिंगच्या जोडांवर पोळीवरच्या फुग्यांसारखे रंगाचे फोड आलेत. एक फोड नखाने उचकटला तर खाली नारिंगी भुकटी निघाली. अँगल अजून धडधाकट आहे, पण दोन पावसाळे असंच राहिलं तर राहणार नाही. मधे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या टाकल्या, त्याने ड्रम सरकायचा थांबला, पण पट्टीखाली ओल धरून राहते, गंजाला ते पोषकच. त्यापेक्षा दर वापरानंतर वरून दोन बादल्या साधं पाणी ओतून चौकोन धुणं जास्त कामाचं ठरलं.

खर्च साडेसहा ते सात हजारांच्या मधे आला. त्यात लोखंड सगळ्यात जास्त, मग वेल्डिंगची मजुरी, मग ड्रम. चाकं भंगारातली म्हणून स्वस्तात गेली. दोन-अडीच एकरवाल्याने एकट्याने एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही. तीन-चार घरांनी मिळून एक केला तर छान चालेल, जीवामृताची पाळी रोजची नसते आणि स्टँड रिकामा न्यायचा असल्याने शेजारच्या वावरात नेणं सोपं आहे. आमचा स्टँड या हंगामात शेजारच्या काकांकडेही गेला, नेताना-आणताना काही बिघडलं नाही.

जीवामृताने पीक किती वाढलं, हे मी इथे सांगत नाही. एका हंगामात, पाऊस असा लहरी असताना, ते श्रेय कशाला द्यायचं हे कळायला मार्ग नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की १० किलो ओल्या शेणात नत्र जेमतेम ५० ग्रॅम निघेल. जीवामृत हे जीवाणूंचं विरजण आहे, ते खताची जागा घेत नाही. शेणखत, तुराट्या-पऱ्हाट्यांचं आच्छादन, शेताला खाऊ घालायचं ते घालावंच लागतं. आम्ही पूर्वी महिन्याकाठी एखादं जीवामृत कसंबसं द्यायचो. यंदा पाळी चुकली नाही, आणि ते निव्वळ वाहतूक संपल्यामुळे. माझ्या आणि सासूबाईंच्या खांद्यांना हा फरक कुणी सांगावा लागत नाही.

पुढच्या वैशाखात जावेच्या वावरासाठी दुसरा स्टँड बनवायचा आहे. त्यात वरच्या चौकोनावर सांडलेलं साचणार नाही अशी सोय करून घेणार. फळी एक फुटाची एकच न ठेवता दोन पायऱ्या आणि धरायला उभा दांडा, सासूबाईंच्या वयाच्या माणसालाही चढता यावं म्हणून. गाळणीचे हुक दोन उंचींवर. बाकी मापं हीच राहतील. कुणाला बनवायचा असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जाताना आपला ड्रम सोबत न्या. सगळ्या ड्रमांचा तळ सारखा नसतो, आणि चौकोन अर्धा इंच जरी लहान पडला तरी ड्रम त्यात बसत नाही.